शिक्षण : बारावी

आज माझ्याकडे एअरलाइनच्या वैमानिकाला मिळू शकणारं सगळ्यात वरचं लायसन्स आहे. ते ज्या अर्जावर मिळालं त्यात शिक्षणाच्या रकान्यात मी 'बारावी' लिहिलं, आणि लिहिताना मला काडीची लाज वाटली नाही. लाज वाटण्याचं काम आमच्या घरात माझे वडील करतात. एकदा तर त्यांनी ते इतकं मन लावून केलं की माझी पहिली नोकरी हातात येता येता निसटायची वेळ आली.

आधी नियम सांगते, कारण तो सांगूनही कुणाला पटत नाही. आपल्याकडे विमान चालवायला पदवी लागत नाही. बारावी लागते, आणि त्यात फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. मग डॉक्टरांनी डोळ्यांपासून हृदयापर्यंत सगळं तपासून दिलेला दाखला, हवामान, मार्ग काढणं, कायदे, इंजिन आणि रेडिओ अशा परीक्षा, आणि दोनशे तासांचं उड्डाण. एवढं झालं की विमान चालवून पगार घेता येतो. पुढे पंधराशे तास भरले, आणखी परीक्षा दिल्या, की वरचं लायसन्स. यात बी.ए., बी.कॉम. कुठेही नाही. हे मी अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, बारशात, लग्नात, मयताला गेल्यावरसुद्धा सांगितलेलं आहे. समोरचा सगळं ऐकून घेतो, मान हलवतो आणि विचारतो, "ते ठीक आहे गं, पण ग्रॅज्युएशन कधी केलंस?"

पप्पा कारखान्यात मशीन शॉपला होते. पहिली पाळी करून संध्याकाळी कॉलेजला जायचे. तिसऱ्या प्रयत्नात बी.ए. झाले, तेव्हा मी पाळण्यात होते. आमच्या गल्लीतले ते पहिले पदवीधर. नंतर ते वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या मंडळाचे सचिव झाले आणि त्यांनी दरवर्षीचा गुणगौरव समारंभ सुरू केला. त्या दिवशी एक स्मरणिका निघते. तिच्यात मागच्या पानांवर वस्तीतल्या पदवीधरांची सूची असते, घरवार. अमुक घर, वडील बी.ए., मुलगा बी.ई., सून एम.कॉम. ही सूची पप्पांचं पहिलं अपत्य. मी दुसरं.

सूचीचा नियम त्यांनी स्वतः केला होता आणि तो कुणासाठी वाकायचा नाही. फक्त पदवी. डिप्लोमा नाही, आयटीआय नाही. आमच्या मागच्या चाळीतली एक ताई नर्सिंगचा डिप्लोमा करून मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग सांभाळायची. तिची आई नाव घाला म्हणून विनवायला आली, तर पप्पांनी तिला चहा पाजला आणि सांगितलं, पदवी झाली की या. ती बाई परत कधी आमच्याकडे आली नाही. मी तेव्हा आठवीत होते आणि मला पप्पांचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

आमच्या लोकांत पदवीची किंमत काय आहे हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ती कागदाचा तुकडा नाही, आपण माणसात आलो याचा दाखला आहे. पण ज्या घरात तो दाखला देवासारखा पूजला जातो, त्या घरात तो नसलेल्या पोरीला काय जागा राहते, हा प्रश्न मला वयाच्या विसाव्या वर्षी पडला, आणि त्याचं उत्तर मला जेवणाच्या ताटावर रोज मिळत होतं.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात कॉमर्सला होते. कॉमर्स पप्पांनी ठरवलं होतं. बी.कॉम., मग बँकेच्या परीक्षा, मग बँक. एस.वाय.ला असताना एका मैत्रिणीसोबत अंधेरीच्या हॉटेलात हवाईसुंदरीच्या मुलाखतीला गेले. ती उंचीत बसली, मी नाही बसले. बाहेर लॉबीत एक बाई उभी होती, खांद्यावर पट्ट्या, हातात चहाचा कागदी कप. मी सरळ जाऊन विचारलं की मॅडम, पायलट व्हायला कुठली डिग्री करावी लागते. ती म्हणाली, डिग्री कसली, बारावी फिजिक्स-मॅथ्स कर. मी म्हटलं, माझं कॉमर्स झालंय. ती म्हणाली, मग ओपन स्कूलमधून ते दोन विषय दे. तिचा चहा संपला आणि ती निघून गेली. माझं बी.कॉम. तिथेच संपलं.

घरी सांगितलं तेव्हा पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. नापास व्हायला घाबरणारी पोरं असले शॉर्टकट शोधतात, असं ते पेपराआडून म्हणाले. मी त्यांना मार्कलिस्ट दाखवली. मी नापास होणाऱ्यांतली नव्हते. त्यांनी ती बघितली, आणि मग ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही: "डिग्रीशिवाय तू ड्रायव्हर होशील. विमानाची असो नाहीतर टेम्पोची."

आमचा टेम्पोवाला शेजारी भला माणूस होता, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

पुढचं दीड वर्ष मी सकाळी बदलापूरला एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवायचे आणि दुपारी स्वतः बारावीचं गणित शिकायचे. शिकवून आलेल्या गणिताच्या जोरावर शिकायचं गणित सोपं गेलं. फिजिक्सने मात्र रडवलं. प्रॅक्टिकलचं केंद्र उल्हासनगरात एका शाळेत होतं. तिथे माझ्या शेजारी सतरा वर्षांची पोरं, बरीचशी दहावी-बारावीला आपटलेली, आणि मध्ये मी बावीस वर्षांची घोडी. परीक्षकाने मला विचारलं, तुम्ही कुणाबरोबर आला आहात. मी म्हटलं, माझ्याचबरोबर.

दोन्ही विषय निघाले, चांगले निघाले. पण दिल्लीच्या विमान खात्याला नुसती मार्कलिस्ट चालत नाही. ती खरी आहे असं बोर्डाने वेगळं लिहून द्यावं लागतं, तेव्हा कुठे परीक्षेला बसायचा नंबर मिळतो. ते पत्र यायला काही महिने लागले. त्या महिन्यांत पप्पा दर रविवारी एकच प्रश्न विचारायचे, आला का गं तुझा दाखला. काळजीने नाही. तो येणार नाही अशी त्यांना खात्री होती आणि ती खात्री त्यांना दर रविवारी ताजी करून घ्यायची होती. पत्र आलं त्या रविवारी मी ते त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी आमटीचा डाग पडू नये म्हणून ते उचलून टीव्हीवर ठेवलं. एवढंच.

पैशाची गोष्ट दोन वाक्यांत संपवते, कारण ती माझ्या आईची आहे. तिच्या माहेरची सोनिवलीची जमीन बिल्डरकडे गेली, तिचा वाटा तिच्या हातात आला, आणि तिने तो पप्पांना न विचारता माझ्या हातात ठेवला. पप्पा तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. आई म्हणाली, बरं झालं, तेवढीच शांतता.

विदर्भातल्या एका धावपट्टीवर मी उडायला शिकले. त्याबद्दल लोक फार गोड ऐकायची अपेक्षा करतात. खरं सांगायचं तर ते दिवस उन्हाचे, वाट बघण्याचे आणि शिव्या खाण्याचे होते. विमान दुरुस्तीत, नाहीतर वारा आडवा, नाहीतर शिक्षक रजेवर. एकटीने पहिल्यांदा उडाले त्या दिवशी चाकं जमिनीला टेकल्यावर मी घरी फोन केला. पप्पांनी उचलला. मी म्हटलं, पप्पा, आज एकटीने विमान चालवलं. ते म्हणाले, थांब, आईला देतो.

दोनशे तास, सगळ्या परीक्षा, रेडिओची तोंडी परीक्षा, वैद्यकीय दाखला, मग जेटचं सिम्युलेटर. मग एका एअरलाइनची लेखी परीक्षा, मुलाखत, आणि अखेर पत्र. अमुक तारखेला प्रशिक्षणाची बॅच सुरू होते, त्याआधी विमानतळाच्या आत शिरायचा पास तयार हवा. पाससाठी पोलिसांकडून चौकशी. बॅच चुकली तर पुढची कधी, हे पत्रात नव्हतं. माझ्याबरोबर शिकलेली काही मुलं अशाच एका 'पुढच्या बॅच'ची वाट बघत दोन वर्षं घरी बसली होती, म्हणून मला त्या तारखेची खरोखर भीती वाटत होती.

पोलीस चौकशी म्हणजे काय मोठं असतं? दोन शेजारी घेऊन या, ही मुलगी इथेच राहते, चालचलन ठीक आहे असं ते सांगतील, सही करतील, संपलं. मी नेमकी त्या दिवशी मेडिकलच्या नव्या तपासणीसाठी मुंबईत होते. हवालदार स्वतःच बिल्डिंगमध्ये आले. आईने तळमजल्यावरचे काका आणि समोरच्या शिक्षिका काकू यांना बोलावलं. काका मंडळाचे खजिनदार. चहा झाला. हवालदारांनी विचारलं, मुलगी किती शिकलेली आहे. दोघांनी एका सुरात सांगितलं, बी.एस्सी. एव्हिएशन. हवालदारांनी माझ्या अर्जाकडे बघितलं. अर्जात बारावी होती. ते म्हणाले, नक्की ना? तेव्हा काकांना वाटलं की आपल्या वस्तीच्या पोरीच्या शिक्षणावर पोलीस शंका घेतायत. ते ताडकन उठले, घरी गेले आणि पुरावा म्हणून गेल्या वर्षीची स्मरणिका घेऊन आले. घरवार सूची, आमचं घर, वडील बी.ए., आणि माझ्या नावापुढे स्वच्छ छापलेलं : बी.एस्सी. (एव्हिएशन), वैमानिक.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आमच्या वस्तीशिवाय दुसऱ्या कुठल्याही वस्तीत पोलिसाला पदवीचा छापील पुरावा कुणी घरातून आणून दिला नसता.

दुसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. हवालदार वयस्क होते, शांत होते, आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी टेबलावर एका बाजूला माझा अर्ज ठेवला, दुसऱ्या बाजूला स्मरणिका.

"मॅडम, यात बारावी, त्यात बी.एस्सी. मी कुठलं खरं धरू?"

मी म्हटलं, बारावी. ते म्हणाले, मग हे छापलं कुणी? आणि छापताना तुम्ही गप्प का बसलात? मी म्हटलं, मी हे पुस्तक आज पहिल्यांदा बघतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते खरं वाटलेलं दिसलं नाही. बोगस लायसन्सच्या बातम्या येतात, उद्या काही निघालं तर माझी सही असते, असं ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, मी स्वतः प्रतिज्ञापत्र द्यायचं की माझं शिक्षण बारावी आहे, छापलेलं चुकीचं आहे, आणि सोबत बोर्डाचं पडताळणीचं पत्र जोडायचं. दुसरा, ज्याने छापलं त्याने येऊन जबाब द्यायचा. कुठलाही चालेल, म्हणाले, पण आठवड्याच्या आत आणा, मग माझं काम झालं.

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. कुठलाही चालेल.

ठाण्याबाहेर येऊन मी पप्पांना फोन केला. सांगितलं काय झालं. मग ते त्यांच्या सचिवाच्या आवाजात म्हणाले, प्रेसवाल्याची चूक असेल, जुळणी करताना काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल. मी विचारलं, बी.एस्सी. एव्हिएशन कुठल्या घरातून इकडे आलं? आपल्या वस्तीत दुसरं कोण उडतंय? ते म्हणाले, मी कामात आहे, आणि फोन ठेवला. रिटायर होऊन तीन वर्षं झालेला माणूस.

आईला विचारलं, तुला माहीत होतं? आई म्हणाली, त्या समारंभात तुझ्या नावाची ट्रॉफी मीच घेतली. मला वाटलं, माणूस पहिल्यांदा तुझ्याविषयी काहीतरी चांगलं बोलतोय, कशाला मोडता घालू. ट्रॉफी तिने स्टीलच्या डब्यांमागे ठेवली होती. मी ती बघायला गेले नाही.

मी प्रतिज्ञापत्र करायला हवं होतं. कोर्टाच्या बाहेर टायपिंगवाले बसतात, दुपारपर्यंत काम झालं असतं. त्याऐवजी मी रिक्षा करून उल्हासनगरला गेले, कॅम्प तीनमध्ये, जिथे मंडळाची स्मरणिका छापतात त्या प्रेसमध्ये. चूक प्रेसची, हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून माणूस परत व्यासपीठावर बसणार होता, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

प्रेसचा मालक सिंधी, साठीचा, कानावर पेन. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आधी पाणी मागवलं. मग प्रेसच्या चुकीचा विषय काढला तेव्हा तो हसला नाही, चिडलाही नाही, कपाटाकडे गेला. म्हणाला, "बेटा, हमारे यहाँ ओके की सही के बिना मशीन चालू नहीं होती. बाद में हर कोई बोलता है प्रेस की गलती." त्याने गेल्या वर्षीच्या स्मरणिकेचा प्रूफांचा गठ्ठा काढला. शेवटून तिसरं पान. आमच्या घराच्या ओळीत माझं नाव छापलेलंच नव्हतं. ते पप्पांच्या निळ्या अक्षरात, काकपद घालून, समासात लिहिलेलं होतं. कुमारी, मग माझं नाव, मग बी.एस्सी. आधी एव्हिएशन इंग्रजीत लिहून खोडलं होतं, मग मराठीत कंसात लिहिलं होतं. खाली 'छापण्यास योग्य', सही, तारीख. माझ्या आयुष्याची त्यांनी एवढी काळजीपूर्वक दुरुस्ती कधी केली नव्हती.

मालकाने झेरॉक्स काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, पापा से झगड़ा मत करना. त्याला काय माहीत, झगडा करायलाच तर मी आले होते.

घरी पप्पा जेवून उठत होते. मी झेरॉक्स समोर धरली. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. आवाज न चढवता ते म्हणाले की मी वीस वर्षं लोकांना सांगतोय, पदवी घ्या. माझ्या घराच्या ओळीत एकच नाव राहिलं असतं तर मी त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? मी म्हटलं, त्या नर्सताईच्या आईला सांगितलंत तसं स्वतःला सांगायचं होतं, पदवी झाली की या. मग मी त्यांना सांगितलं की ठाण्यात तुम्हाला यावं लागेल. जबाब द्यावा लागेल. नाहीतर माझा पास होणार नाही, नोकरी जाईल.

"दुसरा काही मार्ग नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

हे खोटं होतं, आणि ते मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. स्मरणिकेतल्या त्यांच्या खोट्यापेक्षा मोठं की लहान, हे मोजत बसण्याइतकी शांत मी तेव्हा नव्हते. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. टेबलापलीकडे सरकारी माणूस असताना, मोठ्याने, की माझी मुलगी पदवीधर नाही. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. एकतर टोमणा, नाहीतर मौन, नाहीतर समासातली दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. पप्पांनी समारंभाला घालतात तो पांढरा सफारी घातला होता. दारात ओळखीचे एक गृहस्थ भेटले, म्हणाले, जय भीम सर, इकडे कुठे? पप्पा म्हणाले, जय भीम, जरा काम आहे. त्यांचा हात नमस्कारातून खाली आला तो खिशात गेला आणि तिथेच राहिला.

हवालदारांनी खुर्ची पुढे केली. पप्पा बसले नाहीत. मंडळाचा अहवाल वाचायला ते जसे उभे राहतात तसे उभे राहिले आणि जबाब सांगू लागले. हवालदार लिहीत होते. सदर मुलगी माझी कन्या आहे. तिचं शिक्षण बारावी आहे. ती पदवीधर नाही. सदर स्मरणिकेत तिच्या नावापुढे जी पदवी छापली आहे ती मी स्वतः माझ्या हस्ताक्षरात लिहून दिली. तिला याची काहीही कल्पना नव्हती. मी हे खोटं लिहिलं. 'खोटं' हा शब्द हवालदारांनी लिहिला नव्हता, 'चुकीचं' लिहिलं होतं. पप्पांनी वाकून बघितलं आणि सांगितलं, चुकीचं नाही, खोटं लिहा.

मला बरं वाटलं. हे लपवण्यात काही अर्थ नाही. उन्हाळभर कूलरची वाट बघणाऱ्याला तो लागल्यावर वाटतं तसं, अंगभर बरं वाटलं. इतकं की शेवटी काय होतंय याकडे माझं लक्षच नव्हतं.

हवालदारांनी कागद सहीसाठी पप्पांकडे फिरवला. आणि सहज, चांगुलपणाने म्हणाले, "काका, तुम्हाला उगाच त्रास झाला. मॅडमचं साधं प्रतिज्ञापत्र चाललं असतं. मी त्यांना कालच सांगितलं होतं."

पप्पांचं पेन कागदावर टेकलं होतं. ते त्यांनी उचललं. मला वाटलं, आता ते सही करणार नाहीत. कागद परत ढकलतील आणि निघून जातील, आणि मला दुपारी टायपिंगवाल्याकडे जावं लागेल. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली, तारीख घातली आणि पेनाचं टोपण लावून हवालदारांचे आभार मानले. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. पप्पा बसले नाहीत. फाटकाशी उभे राहून ते म्हणाले, "माझा बाप कारखान्यात साहेबाच्या टेबलापुढे असाच उभा राहायचा. त्याला उभं करणारे परके होते."

मग ते चालत निघाले. मी त्यांना थांबवलं नाही, कारण माफी मागायची माझी तयारी नव्हती. पास आठवड्यात आला. मी बॅचला वेळेवर पोचले. त्यांनी केलं ते चूकच होतं, असं मी आजही म्हणते. पण त्यांनी विचारलं होतं, दुसरा काही मार्ग नाही, आणि मी नाही म्हटलं होतं.